नवऱ्यासाठी गोल्फ क्लब निवडताना आधी त्याची बॅग बघा

गोल्फ खेळणाऱ्या नवऱ्याला किंवा बायकोला क्लब, म्हणजे बॉल मारायची काठी, गिफ्ट द्यायचं मनात आलं की आपण पहिले दुकान गाठतो नाहीतर फोनवर साइट उघडून बसतो, आणि माझं अगदी ठाम मत आहे की दुकान सगळ्यात शेवटी यायला पाहिजे. आधी बॅग, मग माणूस, मग दुकान. दुकानात गेलं की जो क्लब सगळ्यात चमकतो, ज्याचं पोस्टर सगळ्यात मोठं असतं तोच डोळ्यात भरतो आणि तो बहुतेक वेळा ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, असतो, आणि न विचारता, न मोजता ड्रायव्हर घेऊन येणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा आणण्यासारखं आहे. फ्रेम कितीही भारी असली तरी दिसायचं ते धूसरच.

मी स्वतः खेळत नाही. पण नवऱ्याबरोबर कोर्सवर चालायला मला मनापासून आवडतं, स्कोअर कार्ड माझ्याकडे असतं, आणि न खेळणाऱ्या माणसाचा एक फायदा असतो तो म्हणजे आपलं लक्ष बॉलवर कमी आणि खेळणाऱ्यावर जास्त असतं. कोणत्या क्लबला हात घालताना तो अजिबात विचार करत नाही, कोणता अर्धा बाहेर काढून परत ठेवतो, कोणता राउंडभर बॅगेतून निघतच नाही, हे सगळं दिसत राहतं. गिफ्ट निवडायला हीच माहिती लागते आणि ती कुठल्याही सेल्समनकडे नसते, ती फक्त तुमच्याकडे असते.

तर बॅगेपासून सुरुवात. तो घरी नसेल तेव्हा बॅग उघडा, सगळे क्लब बाहेर काढून ओळीने मांडा, सगळ्यात लांब ड्रायव्हर एका टोकाला आणि छोटे वेज, म्हणजे जवळून बॉल उंच उडवायचे क्लब, दुसऱ्या टोकाला, आणि होलजवळ बॉल ढकलायचा पटर बाजूला. पहिलं काम म्हणजे मोजा. नियमाप्रमाणे एका राउंडला जास्तीत जास्त १४ क्लब नेता येतात, अमेरिकेत यूएसजीए या गोल्फच्या संस्थेने हा नियम १९३८ ला आणला आणि दुसऱ्या वर्षी ब्रिटनच्या आर अँड ए या संस्थेने, त्याआधी काही खेळाडू वीस-पंचवीस क्लब घेऊन फिरायचे. आज स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजायच्या खेळात, पंधरावा क्लब बॅगेत सापडला तर ज्या ज्या होलवर तो होता तिथे दोन स्ट्रोकची पेनल्टी, एका राउंडला जास्तीत जास्त चार. म्हणजे बॅगेत आधीच १४ असतील तर तुमचं गिफ्ट आत येताना कोणीतरी बाहेर जाणार आहे, आणि कोण जाणार हे तुम्हाला आधी माहीत असायला हवं. बारा-तेराच असतील तर काम सोपं.

मग एकेक क्लब हातात घेऊन त्याचा फेस, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, उजेडात तिरका धरून बघा. हे मला फार आवडतं करायला. आमच्या घरी सात नंबरच्या आयर्नवर (मधल्या अंतरांचे नंबर घातलेले क्लब ते आयर्न) मधोमध, खालच्या तीन-चार ग्रूव्हवर, म्हणजे फेसवरच्या खाचांवर, नाण्याएवढा भाग घासून मंद झालाय, बाकी फेस अजून चकचकीत आहे. आठ आणि नऊवर तेच, फक्त डाग जरा टोच्या, म्हणजे टोकाच्या, बाजूला सरकलेला. चार नंबरचा आयर्न मात्र जसा आणला तसा, ग्रूव्हमध्ये मातीचा कण नाही, आणि सँड वेजचा फेस वाळूने इतका गुळगुळीत झालाय की त्यावरून बोट फिरवलं तर ग्रूव्हच्या कडा हाताला लागतच नाहीत. एवढं बघितलं की निम्मी निवड झाली. घासलेला क्लब म्हणजे आवडता, त्याच्या वाटेला जाऊ नका. कोरा राहिलेला क्लब म्हणजे त्याला तो नीट लागत नाही, तिथे काहीतरी दुसरं देता येईल. आणि ग्रूव्ह गेलेला वेज म्हणजे खूप वापरलाय आणि आता थकलाय, ग्रूव्ह गुळगुळीत झाले की बॉलला स्पिन कमी मिळतो आणि ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पडून थांबायच्या ऐवजी तो पुढे पळत जातो.

घासलेला डाग कुठे आहे तेही नीट बघा हां. सगळ्या आयर्नवर डाग टोकाकडे असेल किंवा सगळ्यांवर हीलकडे, म्हणजे शाफ्टच्या (दांड्याच्या) बाजूला असेल, तर क्लबची लांबी किंवा लाय अँगल, म्हणजे दांड्याचा जमिनीशी होणारा कोन, त्याच्या उंचीला बसत नसण्याची शक्यता असते. अशा वेळी नवीन क्लब घेण्याच्या आधी आहे ते सेट करून घेणं जास्त मोलाचं, आणि तेही गिफ्ट होऊ शकतं.

आता नंबर. आयर्नवर ४, ५, ६ असे आकडे असतात, पिचिंग वेजवर नुसतं पी किंवा पीडब्ल्यू, आणि वेगळे घेतलेले वेज असतील तर त्यावर डिग्री कोरलेली असते, ५२, ५६, ६० अशी. ही डिग्री म्हणजे लॉफ्ट, फेस मागे किती झुकलाय ते. लॉफ्ट जितका जास्त तितका बॉल उंच जातो आणि जवळ पडतो. घोळ पिचिंग वेजपाशी होतो कारण त्यावर डिग्री लिहिलेली नसते आणि सगळ्या कंपन्यांचा पीडब्ल्यू सारखा नसतो. क्लबच्या मागे मॉडेलचं नाव असतं ते टिपून घ्या, कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचा स्पेसिफिकेशनचा तक्ता असतो, त्यात प्रत्येक आयर्नचा लॉफ्ट मिळतो. पाच मिनिटांचं काम आहे पण गिफ्ट घेणारे बरेच जण एवढंच करत नाहीत.

मला हे का शोधावंसं वाटलं ते सांगते. ग्रीनपासून साधारण ९० यार्डांवर बॉल आला की नवरा नेहमी थांबायचा. पिचिंग वेज काढायचा, परत ठेवायचा, सँड वेज काढायचा, दोन-तीन प्रॅक्टिस स्विंग, परत पिचिंग वेज. "अगं, हे मधलंच अंतर आलं बघ," असं दर राउंडला एकदा तरी माझ्या कानावर पडायचंच. पिचिंग वेजने त्याचा बॉल ११० च्या आसपास जातो आणि सँड वेजने ७५, त्यामुळे ९० साठी त्याला पिचिंग वेज अर्धवट मारावा लागायचा, आणि अर्धवट स्विंगमध्ये हात मध्येच हळू पडतात, मग बॉल कधी ग्रीन ओलांडून मागच्या गवतात, कधी पुढच्या वाळूच्या बंकरमध्ये. ड्रायव्हर छान बसलाय, दुसरा शॉटही छान, आणि जिथे सगळ्यात सोपं असायला हवं तिथे येऊन होल बिघडतोय, हे बघताना मला खरंच वाईट वाटायचं.

तक्ता काढून बघितला तर त्याचा पिचिंग वेज ४४ डिग्रीचा निघाला आणि सँड वेजवर ५६ कोरलेलं होतंच. मध्ये १२ डिग्रीची मोकळी जागा! वेजमध्ये साधारण चार ते सहा डिग्रीचं अंतर ठेवायची पद्धत आहे, म्हणजे मध्ये एक अख्खा क्लब बसेल एवढी जागा रिकामी. त्याचा स्विंग चुकत नव्हता, त्या अंतराचा क्लबच बॅगेत नव्हता.

आणि हे फक्त आमच्याकडेच आहे असं नाही, आजकालच्या बहुतेक सेटमध्ये हे दिसतं. पूर्वी सात नंबरचा आयर्न ३४-३५ डिग्रीचा असायचा आणि पिचिंग वेज ४८ च्या आसपास. आता सर्वसाधारण खेळणाऱ्यांसाठी बनवलेल्या कितीतरी सेटमध्ये सात नंबर २८ ते ३० डिग्रीवर आलाय आणि पिचिंग वेज ४३ ते ४५ वर. वजन खाली आणि मागे नेल्यामुळे कमी लॉफ्टनेही बॉल वर उठतो म्हणून हे जमतं, आणि सात नंबरने बॉल लांब गेला की सेट विकत घेणारा खूश होतो हेही आहेच. पण सँड वेज मात्र ५४-५६ वरच राहिला, कारण वाळूतून बॉल काढायला तेवढा लॉफ्ट लागतोच. मग वरचे सगळे क्लब सरकले, खालचा जागच्या जागी, आणि मध्ये पडली फट. ही फट भरणाऱ्या क्लबला गॅप वेजच म्हणतात. तुमच्या नवऱ्याने किंवा बायकोने अलीकडे नवीन आयर्न सेट घेतला असेल आणि वेज जुनेच असतील तर ही फट असायची शक्यता खूप आहे, नक्की तपासा.

म्हणून मला विचाराल तर सरप्राइज द्यायला वेजसारखा क्लब नाही. एकतर लॉफ्टचा हिशोब घरी बसून करता येतो, ४४ आणि ५६ च्या मध्ये ५० हे शाळेतल्या गणितासारखं स्पष्ट आहे. दुसरं म्हणजे वेजमध्ये शाफ्टच्या फ्लेक्सची, म्हणजे दांडा किती वाकतो याची, भानगड ड्रायव्हरइतकी नाजूक नसते, कारण त्याने कोणी जीव खाऊन मारत नाही. आणि तिसरं, तो वापरला जातो. ग्रीनच्या आसपास शंभर यार्डांच्या आत जेवढे शॉट होतात तेवढे लांबून होत नाहीत, त्यामुळे दिलेली गोष्ट बॅगेत पडून राहणार नाही.

फक्त वेज घेताना बाउन्स बघायचा. क्लब जमिनीवर नीट ठेवला की त्याच्या तळाची पुढची धार जमिनीपासून जरा वर राहते आणि मागचा भाग आधी टेकतो, तो जो कोन होतो तो बाउन्स. सँड वेजचं श्रेय ज्या अमेरिकन खेळाडूला, जीन सॅराझेनला देतात त्याने हेच केलं होतं, क्लबच्या तळाला मागच्या बाजूला जास्तीचा धातू डाखून लावला म्हणजे धार वाळूत रुतायच्या ऐवजी तळ वाळूवरून सरकत जातो, आणि तो क्लब घेऊन १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकली. आजही तत्त्व तेच आहे. साधारण ४ ते ६ डिग्री म्हणजे कमी बाउन्स, ७ ते १० मधला, त्याच्या वर जास्त. बहुतेक वेजवर लॉफ्टच्या शेजारी हा आकडाही दिलेला असतो, ५६ आणि १० असा.

किती घ्यायचा हे कसं ठरवायचं, तर पुढच्या राउंडला त्याचे डिव्हॉट बघा. शॉट मारल्यावर गवताचा जो तुकडा उडतो आणि खाली खड्डा राहतो तो. खड्डा खोल असेल, ओंजळभर माती निघत असेल तर तो वरून खाली खणणारा खेळाडू आहे, त्याला जास्त बाउन्स बरा म्हणजे क्लब जमिनीत अडकणार नाही. गवताची नुसती वरची पाती छाटली जात असतील तर कमी बाउन्स चालतो. जमीनही बघायची, मऊ ओलसर जमीन आणि भुसभुशीत वाळू असेल तर जास्त, कडक जमीन आणि पातळ गवत असेल तर कमी. आमच्याकडचे डिव्हॉट मध्यम, ना खोल ना वरवरचे, म्हणून मी मधला बाउन्स घेतला. आणि जिथे काहीच कळत नसेल तिथे मधला घ्यावा, तो बहुतेकांना चालतो.

शाफ्टचं एवढंच की त्याच्या आयर्नचे शाफ्ट स्टीलचे आहेत की ग्रॅफाइटचे ते बघा. ग्रिपच्या खाली शाफ्टवर एक पट्टी चिकटवलेली असते, त्यावर शाफ्टचं नाव, फ्लेक्स, कधीकधी वजनही लिहिलेलं असतं, त्याचा फोटो काढून ठेवा. आयर्न ग्रॅफाइटचे हलके असतील आणि तुम्ही जड स्टीलचा वेज आणलात तर त्याला तो हातात परका वाटणार. अगदी तोच शाफ्ट मिळालाच पाहिजे असं नाही, वजन जवळपास असलं की झालं.

ग्रिपची जाडी हा भाग मात्र लोक हमखास विसरतात. तो क्लब धरतो तेव्हा त्याच्या वरच्या हाताची मधली दोन बोटं बघा, त्यांची टोकं तळव्याला, अंगठ्याच्या खालच्या मांसल भागाला हलकेच टेकली पाहिजेत. बोटं आत रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे, टेकतच नसतील तर जाड. त्याच्या आत्ताच्या क्लबवर मिडसाइज ग्रिप असेल तर नवीन क्लबलाही तीच लावून घ्या, बहुतेक फिटिंग करणारे लगेच बदलून देतात. आणि डावखुरा आहे का ते बघा हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण लिहिण्याचा हात आणि खेळण्याचा हात एकच असतो असं धरून चालू नका, नामांकित गोल्फर फिल मिकेल्सन बाकी सगळी कामं उजव्या हाताने करतो आणि गोल्फ डाव्या बाजूने खेळतो. बॅगेतला एक क्लब दुकानात दाखवला की प्रश्न मिटला.

आता ड्रायव्हरबद्दल, कारण सगळ्यांचा जीव तिथे अडकलेला असतो. ड्रायव्हर गिफ्ट देऊ नका असं मी म्हणत नाहीये, सरप्राइज देऊ नका असं म्हणतेय. ड्रायव्हरच्या हेडचा आकार नियमाने ४६० सीसीच्या वर जाऊ शकत नाही आणि बहुतेक सगळे त्या मर्यादेच्या आसपासच असतात, त्यामुळे दुकानात सगळे सारखेच दिसतात, फरक असतो लॉफ्टमध्ये आणि शाफ्टमध्ये. ९ डिग्री की साडेदहा की १२, हे स्विंगच्या वेगावर आणि बॉलला क्लब वर जाताना लागतो की खाली येताना यावर ठरतं. हळू स्विंग असणाऱ्याला जास्त लॉफ्टने बॉल हवेत जास्त वेळ राहतो आणि जास्त लांब जातो, पण नऊचा आकडा मर्दानी वाटतो म्हणून कितीतरी जण उगाच नऊ घेऊन फिरतात. फ्लेक्सचं तर असं आहे की रेग्युलर, स्टिफ, सीनियर ही नावं सगळ्या कंपन्यांची सारखी पण मोजमाप सारखं नाही, एका कंपनीचा रेग्युलर दुसरीच्या स्टिफच्या जवळ जाऊ शकतो. ढोबळ मानाने ताशी ८५ ते ९५ मैल वेगाला रेग्युलर आणि ९५ ते १०५ ला स्टिफ असं धरतात, पण तुमच्या माणसाचा वेग किती हे लाँच मॉनिटरवर मारल्याशिवाय कळणार कसं? तो स्क्रीन बॉलचा वेग, उडतानाचा कोन, स्पिन सगळं दाखवतो, दहा-बारा बॉल मारले की चित्र स्पष्ट होतं. म्हणून ड्रायव्हर द्यायचाच असेल तर फिटिंगचा सेशन बुक करा, हवं तर एक छानसं हेडकव्हर डब्यात घालून द्या आणि सांगा की याच्या आतला क्लब आपण दोघं मिळून घ्यायला जायचंय. त्या दिवशी स्वतः बरोबर जा. आपला माणूस बॉलमागून बॉल मारतोय आणि प्रत्येक आकड्याबरोबर त्याचा चेहरा बदलतोय हे बघणं फार सुंदर असतं, डबा उघडायच्या दोन मिनिटांपेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकतं.

अजून एक, नवीन क्लब एकदम कमी भावात मिळतोय असं कुठे दिसलं तर सांभाळून. नामांकित कंपन्यांचे नकली क्लब बाजारात बरेच आहेत, वरून ओळखू येत नाहीत, वजन आणि आवाज वेगळा लागतो तेव्हा कळतं. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या आणि सिरीयल नंबर असेल तर कंपनीकडे विचारून घ्या. सेकंड हँडला माझा विरोध नाही, फेअरवे वूड (ड्रायव्हरहून छोटा लांब मारायचा क्लब) किंवा हायब्रिड (वूड आणि आयर्नच्या मधला) वापरलेला घेतला तरी चालतो, पण वेज मात्र नवीनच, कारण त्याचा जीव ग्रूव्हमध्ये असतो.

पटर ही वेगळीच गोष्ट आहे. हिशोबाने बघितलं तर ७२ पारच्या, म्हणजे ७२ फटक्यांत संपवणं अपेक्षित असलेल्या, कोर्सवर प्रत्येक ग्रीनवर दोन पट (पटरने मारलेले फटके) धरले तर ३६ पट होतात, म्हणजे निम्मा पार पटरचा. त्यामुळे पटर गिफ्ट द्यावासा वाटणं अगदी बरोबर आहे. पण माणसं पटरला जीव लावतात. ड्रायव्हर दोन-तीन वर्षांनी बदलतील पण पटर वीस वर्षांचा असेल, रंग उडालेला असेल, तरी तोच हवा असतो, कारण एखादा महत्त्वाचा पट त्याने गेलेला असतो. तुमच्या नवऱ्याचं असं नातं असेल तर नवीन पटर आणून त्या दोघांच्या मध्ये पडू नका, त्या जुन्याला नवीन ग्रिप घालून आणा, त्याला जास्त आनंद होईल.

तो स्वतःच पटरवर वैतागलेला असेल, दर महिन्याला कोणाचा तरी मागून वापरून बघत असेल तर मात्र खुशाल द्या. एक सोपी परीक्षा सांगते. त्याचा आत्ताचा पटर घ्या, शाफ्ट आडवा एका बोटावर तोलून धरा आणि हेड कसं फिरतं ते बघा. फेस सरळ आकाशाकडे बघत थांबला तर तो फेस बॅलन्स्ड, टोक खाली जमिनीकडे लोंबलं तर टो हँग. पट मारताना ज्याचे हात सरळ मागे सरळ पुढे जातात त्याला पहिला प्रकार सोपा जातो, ज्याचे हात दारासारखे किंचित गोल फिरतात त्याला दुसरा. तो गालिच्यावर पटची प्रॅक्टिस करत असेल तेव्हा मागे उभं राहून फक्त बघायचं, विचारायचं नाही. लांबी साधारण ३३ ते ३५ इंचाच्या मध्ये असते, त्याचा आत्ताचा मोजून तेवढाच घ्या, आणि तो सारखा ग्रिपवर खाली सरकवून धरत असेल तर एक इंच कमी.

पटरवरून आठवलं. पिंग कंपनी काढणारे कार्स्टन सोलहाइम इंजिनियर होते, चाळिशी ओलांडल्यावर गोल्फ खेळायला लागले आणि पट जाईना म्हणून स्वतःच्या घरच्या गॅरेजमध्ये पटर बनवायला लागले. १९६६ मध्ये त्यांनी जो पटर काढला त्याचं पहिलं चित्र रेकॉर्डच्या कव्हरवर काढलं होतं, आणि त्याला 'अँसर' (Answer, म्हणजे उत्तर) हे नाव त्यांच्या बायकोने, लुईसने सुचवलं. एवढी अक्षरं पटरवर बसत नाहीत म्हटल्यावर मधलं w हे अक्षर गाळ असंही तिनेच सांगितलं. त्या पटरचा आकार आजही कितीतरी कंपन्या उचलतात. मला ही गोष्ट आवडते कारण नवऱ्याच्या खेळाकडे बारकाईने बघणारी बायको त्यात आहे.

बॅगेत तीन आणि चार नंबरचे आयर्न कोरे राहिलेले दिसले तर हायब्रिड हा उत्तम पर्याय. लांब आयर्न मारायला वेग लागतो आणि अचूकपणा लागतो, हायब्रिडचं वजन खाली आणि मागे असल्यामुळे रफमधूनही, म्हणजे वाढलेल्या गवतातूनही, बॉल सहज वर येतो. इथेही लॉफ्ट जुळवायचा, नंबर नाही. चार नंबरच्या आयर्नच्या जागी हायब्रिड घेताना त्या आयर्नचा लॉफ्ट बघून त्याच्या जवळचा घ्या, नाहीतर पाच नंबरच्या आणि त्याच्या मध्ये परत नवीन फट तयार होईल.

बायकोसाठी क्लब घेणाऱ्या नवऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, दुकानातल्या लेडीज लिहिलेल्या रॅककडे डोळे मिटून जाऊ नका. लेडीज क्लब म्हणजे साधारण एक इंच लहान, हलका शाफ्ट, सगळ्यात मऊ फ्लेक्स आणि बारीक ग्रिप. ज्या बाईची उंची आणि ताकद त्या मापाला बसते तिला ते एकदम छान, हलक्या क्लबने तिचा स्विंग मोकळा होतो. पण माझी एक मैत्रीण चांगली उंच आहे, लहानपणापासून टेनिस खेळलेली, तिचा स्विंग तिच्या ग्रुपमधल्या अर्ध्या पुरुषांपेक्षा वेगवान, आणि तिच्या हातात गुलाबी ग्रिपचा मऊ क्लब आला की बॉल कुठे जाईल याचा नेम नाही. तिला पुरुषांच्या सीनियर किंवा रेग्युलर फ्लेक्सचा क्लब लागतो आणि तसा मिळाल्यावर ती काय खेळते ते बघण्यासारखं आहे. माप घ्यायची साधी पद्धत म्हणजे सपाट बूट घालून ताठ उभं राहायचं, हात बाजूला सैल सोडायचे आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. उंची आणि हे अंतर दोन्ही फिटिंग करणाऱ्याला दिलं की तो तक्त्यावरून लांबी आणि लाय सांगतो. रंग तिच्या आवडीचा घ्या की, पण माप आधी.

गुप्तता राखायची असेल तर त्याच्या नेहमीच्या खेळणाऱ्या मित्राला किंवा कोचला विश्वासात घ्या. कोच तर सगळ्यात उत्तम, त्याला स्विंगचा वेगही माहीत असतो आणि कोणता क्लब खटकतोय तेही. मी कोचला फक्त एवढंच विचारलं की ५० डिग्रीचा वेज ठीक राहील का, आणि त्याने लगेच हो म्हटलं, शिवाय शाफ्ट थोडा हलका घे असंही सांगितलं.

देताना दोन गोष्टी पाळा. बिल जपून ठेवा आणि बदलून मिळायची मुदत आधी विचारून घ्या, ग्रिपवरचं प्लास्टिक आणि फेसवरचा स्टिकर काढू नका, एकदा बॉल मारला की बरीच दुकानं परत घेत नाहीत. वेजवर नाव किंवा आद्याक्षरं ठोकून मिळतात, फार छान दिसतात, पण ते नंतर करा, क्लब त्याच्या हाताला बसलाय हे कळल्यावर. आणि डब्यात एक चिठ्ठी ठेवा की हा का घेतला. मी लिहिलं होतं, "४४ आणि ५६ च्या मध्ये, ९० यार्डांसाठी." ते वाचून तो आधी क्लबकडे नाही, माझ्याकडे बघायला लागला, तुला कसं कळलं म्हणून.

क्लब मिळाल्या मिळाल्या तो थेट मॅचमध्ये नेऊ देऊ नका. आधी रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर जायचं, पूर्ण स्विंग, पाऊण स्विंग आणि अर्धा स्विंग, प्रत्येकाचे दहा-दहा बॉल, आणि प्रत्येक वेळी बॉल कुठे पडला ते तुम्ही लिहायचं कारण मारणाऱ्याला मध्येच थांबून लिहायला आवडत नाही. सगळ्यात लांब आणि सगळ्यात जवळ गेलेले सोडून द्यायचे, मधल्यांची सरासरी काढायची. आमच्याकडे पूर्ण स्विंगला ९३ आलं, पाऊणला ८० आणि अर्ध्याला ६२. हे तीन आकडे पांढऱ्या टेपवर लिहून ग्रिपच्या जरा खाली शाफ्टला चिकटवले आहेत. सँड वेजचे ग्रूव्ह गेलेत ते मी विसरलेले नाही, पुढच्या वेळी तोच, ५६ डिग्री, आणि बाउन्स मात्र या वेळेपेक्षा जरा जास्त, कारण तो वाळूत जाणार आहे.